मणक्यातला टीबी की ब्रुसेला? उंटाचं कच्चं दूध, ताप आणि न थांबणारी कंबरदुखी

ताई, तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे उत्तर कशाला दिलंय ते सगळ्यांना कळेल. तुमचे मिस्टर ४८ वर्षांचे, नोकरी मकरपुऱ्याला, घर कारेलीबागेत. ऑगस्टमध्ये तुम्ही नणंदेकडे मस्कतला गेलात, तिथून गाडीने सलालाला, तिकडचा खरीफचा सीझन म्हणजे पावसाळी हिरवळ बघायला. रस्त्याकडेला उंटांच्या कळपापाशी थांबून समोर काढलेलं फेसाळ दूध प्यायलात, मिस्टरांनी वाडगाभर, तुम्ही दोन घोट, मुलीने नुसतं चाखलं. परत आल्यावर दसऱ्याच्या सुमारास त्यांना संध्याकाळचा ताप सुरू झाला, रात्री घामाने बनियन पिळून काढावं असं व्हायचं, विडाल, म्हणजे टायफॉइडची रक्ताची टेस्ट, पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइडचा कोर्स झाला, जरा बरं वाटलं आणि परत ताप. मध्ये एका बाजूच्या अंडकोषाला सूज आली, ती आठवडाभराच्या गोळ्यांनी बसली. मग कंबर धरली. एमआरआयमध्ये एल४-एल५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याला, स्पॉन्डिलोडिस्कायटिस (मणका आणि मधल्या डिस्कचं इन्फेक्शन), आणि खाली लिहिलंय की कॉक्स स्पाइनची, म्हणजे मणक्याच्या टीबीची शक्यता. त्यावर गेले तीन आठवडे एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, चालू आहे, ताप उतरला, कंबर तशीच. तुम्ही विचारताय, हा टीबीच आहे का, ऑपरेशन लागेल का, घरात पसरेल का, आणि तुम्हा दोघींनी टेस्ट करायची का.

मी बडोद्यातच आहे, बरीच वर्षं मणक्याचंच काम करतो. पेशंटला हात न लावता निदान करता येत नाही आणि मी ते करतही नाहीये, पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला जे वाटतं ते स्पष्ट सांगतो. सलालाचं कच्चं दूध, साधारण दीडदोन महिन्यांनी वरखाली होणारा ताप, रात्रीचा घाम, अंडकोषाची सूज आणि मग कमरेच्या खालच्या मणक्याचं इन्फेक्शन, हे सगळं एका माणसात एका ओळीने आलं असेल तर ब्रुसेलोसिसची तपासणी झाल्याशिवाय टीबीचा एवढा लांब कोर्स पुढे रेटणं मला पटत नाही. टीबी नाहीच असं मी म्हणत नाहीये. आपल्या देशात मणक्याच्या इन्फेक्शनमध्ये टीबीचा विचार आधी करावाच लागतो, तुमच्या डॉक्टरांनी तो केला यात चूक काही नाही. पण दुधाची गोष्ट त्यांना सांगितली होती का? तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय की नाही सांगितली, कारण कोणी विचारलीच नाही आणि ट्रिपमध्ये प्यायलेल्या दुधाचा कमरेशी संबंध असेल असं घरात कोणाच्या डोक्यात येणार. आजच फोन करून सांगा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

आता हा जंतू काय आहे ते सांगतो. ब्रुसेला हा जनावरांचा जंतू. शेळ्या, मेंढ्या आणि उंट यांच्यात जास्त करून ब्रुसेला मेलिटेन्सिस नावाचा प्रकार सापडतो, गाई-म्हशींत ब्रुसेला अबॉर्टस. नावाप्रमाणे तो जनावरांत गर्भपात करतो, वार अडकते, दूध घटतं, पण एरवी जनावर अगदी धडधाकट दिसतं आणि दुधातून जंतू टाकत राहतं. माणसाला त्रास देण्यात मेलिटेन्सिस सगळ्यात कडक. ओमानमध्ये सलाला ज्या धोफार भागात आहे तिथे हा आजार पूर्वीपासून ठाण मांडून आहे, त्यामुळे तुमच्या ट्रिपची जागासुद्धा इथे महत्त्वाची आहे, नुसतं गल्फला गेलो होतो एवढं सांगून चालणार नाही.

पोटातून आत गेल्यावर हा जंतू आपल्याच पांढऱ्या पेशींच्या आत जाऊन राहतो. ज्या पेशी त्याला मारायला येतात त्यांच्यातच बसून तो प्लीहा, लिव्हर, हाडातला मगज असा फिरतो. म्हणून ताप येतो-जातो, येतो-जातो, आणि साध्या आठवड्याच्या अँटिबायोटिकने दबतो पण मरत नाही. दूध प्यायल्यापासून लक्षणं यायला साधारण एक ते चार आठवडे, पण कित्येकदा दोन-तीन महिने आणि क्वचित सहा महिनेही लागतात, त्यामुळे ऑगस्टचं दूध आणि दसऱ्याचा ताप हे गणित व्यवस्थित बसतं. मणक्याच्या वरच्या-पुढच्या कोपऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, जंतू बहुतेक तिथे उतरतो आणि तिथून डिस्कच्या बाजूला सरकतो. तरुण पोरांत तो कमरेचं हाड आणि माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड यांच्या सांध्यात, म्हणजे एसआय जॉइंटमध्ये जास्त बसतो, चाळिशी-पन्नाशीच्या पुढे मणक्यात, आणि त्यातही एल४-एल५ आणि एल५-एस१ ही त्याची आवडती जागा.

विडालबद्दल एक सांगून टाकतो. एकट्या विडालवर टायफॉइडचं निदान करू नये हे आम्ही सगळे शिकलेलो असतो तरी ते सर्रास होतं, कारण आपल्याकडे जुन्या संपर्कामुळे ती उगाच पॉझिटिव्ह येते आणि ब्रुसेलाच्या पेशंटमध्येही येऊ शकते. टायफॉइडच्या औषधाने ताप काही दिवस दबला एवढ्यावरून तो टायफॉइड होता असं होत नाही. अंडकोषाच्या सुजेचंही तसंच. टीबीमुळेही तिथे सूज येते, पण ती सावकाश येते, कडक असते, महिनोन्महिने रेंगाळते. तापाबरोबर अचानक दुखरी सूज आली आणि गोळ्यांनी आठवड्यात उतरली, हे ब्रुसेलाशी जास्त जुळतं. बायका ही गोष्ट सांगायला संकोचतात आणि पुरुष तर सांगतच नाहीत, तुम्ही लिहिलीत ते फार बरं केलंत, पूर्ण हिस्ट्रीतला तो एक मोठा धागा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि यासाठीच मी एवढं लांब लिहायला बसलो. तुम्ही म्हणताय एकेटी सुरू झाल्यावर ताप उतरला म्हणजे टीबीच असणार ना. नाही ताई, तसं म्हणता येत नाही. एकेटीच्या पाकिटात जी चार औषधं असतात, आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल, त्यातलं रिफाम्पिसिन हे ब्रुसेलाचंही औषध आहे. बाकीची तीन ब्रुसेलावर काही करत नाहीत. म्हणजे मिस्टरांना ब्रुसेला असेल तर सध्या त्यांना त्याचं अर्धवट औषध मिळतंय, एकट्या रिफाम्पिसिनचं. ताप उतरतो, भूक लागते, वजन जरा सावरतं, घरात सगळ्यांना वाटतं औषध लागू पडलं, आणि मणक्यातला जंतू मात्र आत तग धरून राहतो. एकट्या रिफाम्पिसिनवर हा आजार परत उलटतो, हे जुनं ठाऊक असलेलं आहे. उलट ब्रुसेला असून वर्षभर एकेटी खाल्ली तर लिव्हरचा त्रास, इथॅम्ब्युटॉलमुळे नजरेचा त्रास हे धोके फुकट अंगावर घेतले, आणि घरात टीबीचा शिक्का बसला तो वेगळा. मणक्याच्या टीबीला आपल्या राष्ट्रीय गाइडलाइनप्रमाणे साधारण १२ महिने औषध चालतं, कधी त्याहून जास्त. ब्रुसेलाच्या मणक्याला कमीत कमी तीन महिने, पण औषधं वेगळी. एवढा फरक असताना अंदाजावर राहण्यात अर्थ नाही.

पण म्हणून आज रात्रीपासून एकेटी बंद करू नका. स्वतःहून तर अजिबातच नको. टीबीच निघाला तर मध्येच सोडलेली एकेटी फार महागात पडते, जंतू औषधाला दाद देईनासा होतो. बंद करायची, बदलायची की बायोप्सीपर्यंत थांबायची हे तुमचे डॉक्टर ठरवतील, त्यांना फक्त पूर्ण माहिती द्या.

एमआरआयचं काय? रिपोर्टमध्ये शक्यता लिहिलेली असते, ती निदान नसते. मी स्वतः फिल्म बघताना काय शोधतो ते सांगतो, म्हणजे तुम्ही डॉक्टरांशी बोलताना नेमकं विचारू शकाल. टीबी बहुतेक पाठीच्या मधल्या भागात किंवा पाठ-कंबर जिथे जुळते तिथे बसतो, मणक्याचं शरीर पोखरतो, ते पुढून चेपतं आणि कुबड येतं, बाजूला पूची मोठी पिशवी असते, कधी ती कण्याच्या बाजूच्या सोअस नावाच्या स्नायूतून पार मांडीपर्यंत उतरते. ब्रुसेलात मणक्याचा आकार बराचसा टिकून राहतो, वरच्या-पुढच्या कोपऱ्याला कुरतडल्यासारखी झीज दिसते, तिला पेद्रो पोन्सची खूण म्हणतात, पुढच्या बाजूला पोपटाच्या चोचीसारखं हाड वाढलेलं असू शकतं, पू असला तरी कमी, आणि कुबड सहसा येत नाही. तुम्ही रिपोर्टच्या दोन ओळी लिहिल्यात त्यात मणक्याची उंची राखलेली आणि पॅराव्हर्टिब्रल कलेक्शन, म्हणजे मणक्याशेजारचा पू, लहान असं आहे. हे ब्रुसेलाच्या बाजूने बोलतं. पण यातली एकही खूण शंभर टक्के नसते, दोन्हींची चित्रं एकमेकांत मिसळतात, आणि तिसराही एक उमेदवार असतो, साधा पू करणारा स्टॅफिलोकोकस, विशेषतः डायबिटीसच्या पेशंटमध्ये. तो मात्र सहसा एवढे महिने शांत बसत नाही, सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी टेस्ट) खूप चढतो आणि दुखणं असं की माणूस कूस बदलताना ओरडतो. मिस्टरांची शुगर तुम्ही लिहिली नाहीत, ती करून घ्या.

टेस्टबद्दल. पहिली पायरी रक्ताची. रोज बेंगॉल नावाची झटपट टेस्ट असते, ती पॉझिटिव्ह आली की ट्यूबमधली अॅग्लुटिनेशन टेस्ट, तिला एसएटी म्हणतात. लक्षणं जुळत असताना १:१६० किंवा त्याच्या वर टायटर, म्हणजे अँटिबॉडीची पातळी, आलं तर आम्ही गंभीरपणे घेतो, जिथे आजार आधीच पसरलेला आहे तिथे काहीजण १:३२० धरतात. आजार जुना होत चालला असेल तर एसएटी खाली येऊ शकते, म्हणून बरोबर एलायझाने आयजीजी आणि आयजीएमही मागवावं, किंवा कूम्ब्स पद्धतीची टेस्ट. आणखी एक बारीक गोष्ट, अँटिबॉडी फारच जास्त असल्या तर कमी पातळ केलेल्या सँपलमध्ये टेस्ट खोटी निगेटिव्ह दिसते, तेव्हा लॅबला सांगायचं की वरच्या डायल्यूशनपर्यंत जा. बडोद्यातल्या लॅब यातल्या काही टेस्ट बाहेर पाठवतात, रिपोर्टला दिवस लागतात, ते धरून चाला. सीबीसीत पांढऱ्या पेशी नॉर्मल किंवा जरा कमी, ईएसआर-सीआरपी मध्यम चढलेलं, लिव्हरचे एन्झाइम किंचित वर, असं चित्र नेहमीचं. जुने रिपोर्ट असतील तर सगळे घेऊन जा.

दुसरी पायरी ब्लड कल्चर. खरं तर हे एकेटीच्या आधी व्हायला हवं होतं, आता तीन आठवडे रिफाम्पिसिन पोटात गेल्यावर जंतू उगवण्याची शक्यता कमी होते, तरी दोन-तीन बाटल्या पाठवाव्यात असं माझं मत. आणि इथे एक काम नातेवाइकांनी आठवणीने करायचं, लॅबच्या फॉर्मवर "ब्रुसेलाची शंका" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. दोन कारणं. एक, हा जंतू हळू वाढतो, बाटली जास्त दिवस ठेवावी लागते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, हा जंतू हवेतून लॅबच्या माणसाला लागतो, प्लेट उघडी ठेवून वास घेतला, सेंट्रिफ्यूज केलं, एवढ्याने. जगभरात लॅबमध्ये काम करताना लागणाऱ्या इन्फेक्शनमध्ये ब्रुसेला फार वरच्या नंबरावर आहे. त्या टेक्निशियनला आधी कळलं तर तो सेफ्टी कॅबिनेटमध्ये काम करतो. त्याचंही घरदार आहे.

तिसरी, सीटी गाइडेड बायोप्सी. रक्ताच्या टेस्टने गोष्ट स्पष्ट झाली, टायटर चांगलंच वर आलं आणि एमआरआय जुळला, तर कधीकधी बायोप्सीशिवायही उपचार सुरू करतात. पण मिस्टरांना आधीच एकेटी चालू आहे आणि दोन आजारांत निवड करायची आहे, तर मी सुई घालण्याच्या बाजूने आहे. भूल फक्त चामडीला, पोटावर झोपवून सीटीवर बघत बघत मागून सुई डिस्कपर्यंत नेतात, पेशंट बहुधा संध्याकाळी घरी जातो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. जो तुकडा निघेल तो वाटून पाठवायचा: पॅथॉलॉजीला, सीबीनॅटला (टीबीच्या जंतूचा जनुकीय शोध घेणारी झटपट टेस्ट), टीबीच्या लिक्विड कल्चरला, साध्या कल्चरला जास्त दिवस ठेवून, आणि सोय असेल तिथे ब्रुसेलाच्या पीसीआरला. सगळा तुकडा फॉर्मेलिनच्या एकाच डबीत गेला की कल्चर संपलं, म्हणून प्रोसीजरच्या आधीच साध्या सलाइनची दुसरी डबी ठेवलीय ना हे विचारा. आणि पॅथॉलॉजीत नुसतं ग्रॅन्युलोमा (जंतूभोवती जमलेल्या पेशींची गाठ) लिहून आलं तर तेवढ्यावर टीबीची मोहोर उमटवू नका, ब्रुसेलाही ग्रॅन्युलोमा करतो, फक्त त्यात टीबीसारखा पनीरसारखा कुजलेला भाग सहसा नसतो.

समजा ब्रुसेला निघाला. उपचार जुना, स्वस्त आणि चांगला आहे. डॉक्सिसायक्लिन १०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, मणक्यासाठी कमीत कमी १२ आठवडे, आणि त्याच्याबरोबर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिनचं रोजचं इंजेक्शन, किंवा त्याऐवजी आठवडा-दीड आठवडा जेंटामायसिन. इंजेक्शन जमत नसेल तर डॉक्सीबरोबर रिफाम्पिसिन ६०० ते ९०० मिलीग्रॅम, तेही तितकेच आठवडे. माझा स्वतःचा कल मणक्याच्या केसमध्ये इंजेक्शनवाल्या जोडीकडे असतो, कारण रिफाम्पिसिनमुळे रक्तातली डॉक्सीची पातळी खाली येते आणि आजार उलटण्याचं प्रमाण त्या जोडीत जास्त दिसलंय. काहीजण तिन्ही एकत्र देतात, एमआरआय बरा होत नसेल तर कोर्स आणखी लांबवतात. इंजेक्शनच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची टेस्ट, करायचं, आणि कोर्समध्ये कानात शिट्टी वाजते का, चालताना तोल जातो का हे तुम्ही रोज विचारायचं, पेशंट स्वतःहून सांगत नाही. घरात कोणी गरोदर असून तिला हा आजार निघाला तर औषधं पूर्ण वेगळी असतात, डॉक्सी आणि स्ट्रेप्टो दोन्ही चालत नाहीत.

डॉक्सीची कॅप्सूल जेवणानंतर, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. कंबरदुखीचा पेशंट दिवसभर पलंगावर असतो, एका घोटात कॅप्सूल घेऊन परत आडवा होतो, ती अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे जखम करते, मग छातीत अशी आग होते की घरचे हार्ट अटॅक समजून धावपळ करतात. कॅल्शियम, आयर्न आणि अॅसिडिटीच्या गोळ्या डॉक्सीपासून दोन-तीन तास लांब ठेवा. मणक्याचा आजार म्हटलं की आपल्याकडे कॅल्शियम सगळ्यांच्याच प्रिस्क्रिप्शनवर असतं, दोन्ही एकत्र घेतलं तर डॉक्सी अंगी लागत नाही. दुपारच्या उन्हात जाऊ नका, चामडी भाजते.

ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही. लागतं ते पायाची ताकद कमी व्हायला लागली, नसांवर दाबणारा मोठा पू झाला, मणका सरकतोय किंवा योग्य औषध देऊनही आजार पुढे सरकतोय अशा वेळी. म्हणून घरात काय बघायचं ते नीट लक्षात ठेवा. चालताना चप्पल पायातून नकळत सुटतेय का. टाचेवर उभं राहता येतं का. जिना चढताना गुडघा मुडपतो का. जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा आलाय का, लघवी अडकते किंवा नकळत होते का. यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी इमर्जन्सीला जायचं, सकाळची वाट बघायची नाही. बाकी पट्टा वापरा, वाकून वजन उचलू नका, पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळून हाताने रेटा देत उठा. आम्ही तपासताना जमिनीवर नाणं ठेवून उचलायला सांगतो, मणका दुखरा असेल तर माणूस कमरेत वाकत नाही, पाठ ताठ ठेवून गुडघ्यात बसतो आणि एक हात मांडीवर टेकवून उठतो. तुम्ही घरी ते रोज करून बघायची गरज नाही, पण औषध लागू पडलं की हळूहळू माणूस आपोआप वाकायला लागतो, ते तुम्हाला दिसेल.

आणि हात जोडून विनंती, मालीश नको, हाडवैदाकडे मणका बसवायला नेऊ नका, आणि पायाळू माणसाकडून कमरेला लाथ मारून घेण्याचा जो प्रकार आपल्या मराठी घरांत अजून चालतो तो तर बिलकुल नको. चमकेला लोक करतात ते वेगळं, इथे मणक्याच्या आत इन्फेक्शन आहे, तिथे लाथ म्हणजे पू नसांवर ढकलायचं काम. सासूबाईंना वाईट वाटलं तरी चालेल.

डॉक्टरांना आणखी एक विचारा, हृदयाचा टू-डी इको करायचा का. ब्रुसेलाने जीव जाणं फार क्वचित, पण जातो तेव्हा बहुधा हृदयाच्या झडपेला इन्फेक्शन झाल्यामुळे. तपासताना मर्मर, म्हणजे हृदयाचा जादा आवाज, ऐकू येत असेल, दम लागत असेल, किंवा झडपेचा जुना आजार असेल तर इको हवाच.

आता दुधाबद्दल थोडं, कारण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे की समोर काढलेलं होतं, पाणी घातलेलं नव्हतं, मग कसं काय बाधलं. हा समज फार खोल बसलेला आहे. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक या तापाने मरायचे, १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जंतू काढला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं, तेव्हा झामिट या तिथल्याच डॉक्टरने दाखवलं की तो शेळ्यांच्या दुधातून येतो. त्या शेळ्या दारोदार फिरवून गिऱ्हाइकाच्या समोर पिळायचे, भेसळीला जागाच नाही, आणि शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या. पुढच्या वर्षी सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि आजार झपाट्याने उतरला. दूध भेसळ नसलेलं असणं आणि जंतू नसलेलं असणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

आणि हे सगळं फक्त ओमानला घडतं असं नाही. आपल्याकडे कच्छला रण बघायला जाणारे लोक मालधारींच्या, म्हणजे तिथल्या पशुपालकांच्या, वाड्यावर उंटिणीचं दूध तसंच पितात, राजस्थानात वाळवंटातल्या कॅम्पवर पितात. बडोद्यात तर ट्रिपही लागत नाही, डेंग्यूच्या सीझनला प्लेटलेट वाढाव्यात म्हणून शेळीचं कच्चं दूध शोधत लोक सकाळी सकाळी फिरतात. शेळीच्या दुधाने प्लेटलेट वाढतात याला पुरावा नाही, डेंग्यू उतरायला लागला की त्या आपल्या आपण वाढतात, आणि वर हा ताप पदरात पडू शकतो. दूध उकळलं की ब्रुसेला मरतो, विषय संपला. पाश्चरायझेशनमध्ये ७२ डिग्रीला १५ सेकंद दिले तरी मरतो, म्हणून डेअरीच्या पिशवीची चिंता नाही. खरवसाचंही विचारलंय तुम्ही, तो चांगला वाफवलेला असतो, खुशाल खा. कच्च्या दुधाचं ताजं चीज, कच्च्या दुधापासून लावलेलं दही-ताक, हे मात्र टाळायचं, विशेषतः बाहेरच्या देशात गावाकडच्या बाजारात. आपल्या सरकारने २०१९ पासून लाळ्या-खुरकुत आणि ब्रुसेलासाठी जनावरांच्या लसीकरणाचा कार्यक्रम चालू केलाय, त्यात चार ते आठ महिन्यांच्या गाई-म्हशींच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस एकदाच देतात. काम चांगलं आहे पण ब्रुसेलाच्या लशीत शेळ्या-उंट येत नाहीत, आणि फळ दिसायला वर्षं लागतील. ज्यांच्या घरी गुरं आहेत किंवा जे पांजरापोळात सेवा करतात त्यांनी व्यायलेल्या किंवा गाभ टाकलेल्या जनावराची वार उघड्या हाताने ओढू नये, दुधाइतकाच तोही धोका आहे.

घरात पसरतो का, तर जवळजवळ नाही. एका ताटात जेवलात, एका खोलीत झोपलात, खोकला-शिंक, याने तो लागत नाही. भांडी वेगळी करायची गरज नाही, मुलीला वडिलांपासून लांब ठेवायची गरज नाही. नवरा-बायकोच्या संबंधातून लागल्याच्या अगदी तुरळक नोंदी आहेत, म्हणून कोर्स पूर्ण होईपर्यंत कंडोम वापरावा असं मी सांगतो. रक्तदान अर्थात नाही.

तुम्ही आणि मुलगी दोघींनी दूध घेतलंय, तर धोका तुम्हालाही तोच होता, प्रमाण कमी एवढंच. आत्ता काही त्रास नसेल तर उगाच औषध घेऊ नका. मिस्टरांची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तुमचीही दोघींची एकदा एसएटी करून घ्या, आणि निगेटिव्ह आली तरी ट्रिपपासून सहा महिने होईपर्यंत लक्ष ठेवा. आठवड्याच्या वर ताप, रात्री घाम, सांधे धरणं, उगाच थकवा आणि मन उदास राहणं, यातलं काही आलं तर डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य दुधाचं बोला. मस्कतच्या नणंदेलाही कळवा, त्यांचं कुटुंब दरवर्षी खरीफला जातं असं तुम्ही लिहिलंय आणि त्यांच्यापैकी कोणाची कंबर किंवा गुडघा बरेच दिवस दुखत असेल तर त्यांनाही हीच टेस्ट तिकडे सहज करून मिळेल.

कोर्स संपल्यावरही मिस्टरांना वर्षभर सोडायचं नाही. आजार उलटला तर बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत उलटतो, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी सीआरपी, वजन आणि एक तपासणी. एमआरआय नेहमी मागे राहतो, माणूस बरा होऊन कामाला लागलेला असतो तरी फिल्ममध्ये सूज दिसते, आणि आयजीजी तर कित्येक महिने पॉझिटिव्ह राहतं. त्या कागदांना घाबरून परत औषध सुरू करायचं नसतं, ताप, वजन आणि दुखणं काय सांगतंय ते बघायचं असतं. नोकरीवर तीन-चार आठवड्यांनी जाता येईल का विचारलंय, बसून काम असेल आणि दुखणं उतरत असेल तर पट्टा लावून अर्धा दिवस सुरू करायला हरकत नाही, मात्र मकरपुऱ्यापर्यंत स्कूटरवर नको, खड्ड्यातले दणके थेट त्याच मणक्यावर बसतात. रिक्षात मागे बसतानाही उशी घ्या.